शेवरोले, खिल्लार आणि आरएक्स हंड्रेड

शुक्रवारी रात्री साडेनऊला मी अजून हापिसातच होतो (रिलीज होतं, नेहमीचंच). तेवढ्यात नानांचा फोन आला. "उद्या येतो का रं? गाडी बघायला माणूस येणार हाय पुण्याहून. तू आसलास म्हंजे बरं."

आमच्या घरात 'गाडी' म्हटलं की दोन गाड्या डोळ्यासमोर येतात. एक धाकट्या चुलतभावाची पिकअप, जी रोज टोमॅटो घेऊन नारायणगावच्या मार्केटला जाते. दुसरी गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली पन्नासहून जास्त वर्षं उभी असलेली १९३४ ची शेवरोले. पिकअप बघायला पुण्याहून कोण येणार? म्हणजे शेवरोलेच.

तर शनिवारी सकाळी चाकणचं ट्रॅफिक पार करून (त्यावर एक स्वतंत्र लेख होईल, पण बीपीच्या गोळ्या सुरू झाल्यावर लिहीन) मंचरच्या पुढे आमच्या वाडीवर पोचलो. तो माणूस आधीच आला होता. भला माणूस. जुन्या गाड्यांची देवघेव करून देतो, म्हणजे आपल्या भाषेत दलाल, पण गाडीला हात लावताना त्याने आधी हात पुसला, त्यामुळे मला तो आवडला. त्याने टॉर्च मारून चॅसी बघितली, दारं उघडून आतलं लाकूड नखाने खरवडलं, इंजिनवरचा नंबर फोटोत घेतला आणि ओट्यावर बसून चहा घेता घेता आकडा सांगितला. साडेतीन लाख.

नानांचा चेहरा पडला. मला हसू आलं, पण ते मी चहात बुडवलं. कारण नानांच्या डोक्यात कुठला आकडा होता ते मला माहीत होतं. २०२२ च्या मे महिन्यात स्टुटगार्टला १९५५ सालची एक मर्सिडीज, ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे, साडेतेरा कोटी युरोला विकली गेली. आपल्या पैशांत अकराशे कोटी. ती बातमी व्हॉट्सॅपवर फिरत फिरत आमच्या वाडीपर्यंत आली होती आणि नानांनी ती जपून ठेवली होती. "ती पंचावनची, आपली चौतीसची. आपली जुनी न्हाय का?"

या प्रश्नाचं उत्तर मी तिथे ओट्यावर नीट देऊ शकलो नाही. परतताना गाडी चालवत जे डोक्यात फिरत होतं ते इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, ती मर्सिडीज म्हणजे 'जुनी गाडी' नव्हेच. तशा दोनच बनल्या होत्या, आणि त्यातली एक कंपनीने विकली. ते चित्रकाराचं मूळ चित्र असतं तसं प्रकरण. युद्धाआधीच्या गाड्यांतही असे कोहिनूर आहेत. २०१८ साली अमेरिकेत पेबल बीचच्या लिलावात गॅरी कूपर या नटाची १९३५ ची ड्युझनबर्ग २ कोटी २० लाख डॉलरला गेली. अशा गाड्यांना मरण नाही. त्या घेणारा माणूस गाडी घेतच नसतो, तो जगात एकुलतं एक काहीतरी घेत असतो.

पण आमची शेवरोले म्हणजे साधी चार दारांची कुटुंबवत्सल मोटार. सहा सिलिंडर, सुमारे ३४०० सीसी, पुढच्या चाकांना त्या काळी नवलाईचं वाटणारं 'नी-ॲक्शन' सस्पेन्शन. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता, बहुधा तिथूनच बाहेर पडलेली. अशा साध्या गाड्यांचं, म्हणजे शेवरोले, फोर्ड, मॉरिस, ऑस्टिन वगैरे मंडळींचं, जगभर अवघड होऊन बसलंय. फोर्डने १९२७ ते १९३१ या काळात मॉडेल ए ही गाडी जवळपास ४८ लाख बनवली. त्यातल्या पुष्कळ अजून जिवंत आहेत. आणि त्यांच्यावर जीव असलेली माणसं मात्र एकेक करून जातायत.

जुन्या वस्तूंच्या बाजारात एक साधा नियम दिसतो. माणूस सोळा-सतरा वर्षांचा असताना ज्या गाडीकडे तोंडाचा आ करून बघतो आणि जी त्याला परवडत नाही, ती तो पंचेचाळीस-पन्नासाव्या वर्षी हातात पैसा आला की विकत घेतो. अमेरिकेत १९५० च्या आसपास जी पोरं शेजारच्या म्हाताऱ्याची जुनी फोर्ड स्वस्तात घेऊन तिच्याशी खटपट करत होती, तीच पोरं पुढे १९८० मध्ये दाताचे डॉक्टर आणि वकील होऊन त्याच फोर्ड शोधत फिरत होती. आता त्यांची नव्वदी आलीय. गॅरेज रिकामी होतायत, गाड्या एकदमच बाजारात येतायत, आणि घ्यायला कोण? पुढच्या पिढीची सोळावी वर्षं वेगळी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच पेबल बीचला १९९५ सालची मॅक्लारेन एफ-वन २ कोटी डॉलरच्या वर गेली. अमेरिकेत पंचवीस वर्षं पुरी झाल्याशिवाय परदेशी धाटणीची गाडी आयात करता येत नाही, तर तिथले तिशी-चाळिशीतले लोक निस्सान स्कायलाईनची पंचविशी कधी भरते याची वाट बघत बसतात. व्हिडिओ गेममध्ये चालवलेली गाडी ती. त्यांना १९३४ च्या शेवरोलेबद्दल काय वाटणार? मला पेशवाईतल्या पालखीबद्दल वाटतं तेवढंच. आदर आहे, पण बसायची हौस नाही.

आपल्याकडे बघायचं तर जुन्नर-आंबेगावात कुठल्याही कॉलेजच्या पार्किंगला जा. यामाहा आरएक्स हंड्रेड. १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली. ज्या पोराचा जन्म ती बंद झाल्यानंतर दहा वर्षांनी झाला, तो आज तिच्यासाठी मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजतो, वर सायलेन्सरच्या आवाजासाठी पोलिसांना दंड भरतो. ओतूरपासून घोडेगावपर्यंत आरएक्स उघडून बसवणारा एक तरी मिस्त्री सापडतोच. शेवरोले उघडणारा एकही सापडत नाही.

पण हे अमेरिकेचं गणित आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही, आणि ही गोष्ट जुन्या गाड्यांवर लिहिणारे बहुतेक जण विसरतात असं मला वाटतं. तिकडे मॉडेल ए ही शेतकऱ्याची गाडी होती. लाखो घरांच्या आठवणीत ती आहे. आपल्याकडे १९३४ साली मोटार कोणाकडे होती? संस्थानिक, साहेब, मोठा व्यापारी, शहरातला डॉक्टर. बाकीच्यांच्या आठवणीत मोटार म्हणजे धूळ उडवत निघून गेलेली एक वस्तू. कोल्हापूरच्या छत्रपतींची भगव्या रंगाची मायबाख दसऱ्याला बाहेर निघते तेव्हा लोक तिला हात जोडतात. ती गाडी नसून स्वारी असते. तिच्याबद्दल अभिमान आहे, पण 'आपल्याकडे होती तशी' असं म्हणणारं त्या गर्दीत कोणी नसतं. मराठी मध्यमवर्गाची खरी हळहळ पद्मिनीची. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली तेव्हा माझ्या हापिसातली चाळिशीतली माणसं हळवी झाली होती, आणि त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात कधी तिच्यात एसी नाही म्हणून शिव्या दिल्या असतील.

मग आपल्याकडे युद्धापूर्वीच्या गाड्या जमवल्या कोणी? ज्यांना त्या कवडीमोल असताना दिसल्या त्यांनी. स्वातंत्र्य आलं, संस्थानं गेली, १९७१ ला तनखे बंद झाले. राजवाड्यांच्या तबेल्यातल्या रोल्स रॉइस पोसायला नको झाल्या. बऱ्याच परदेशी दलालांनी नेल्या, इतक्या की पुढे सरकारने निर्यातीवर बंधनं घातली. ज्या राहिल्या त्या काही वेड्या लोकांनी उचलल्या. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलालांचा संग्रह आहे, शंभरावर गाड्यांचा, त्यात संस्थानिकांकडून आलेल्या कितीतरी. मुंबई-पुण्यातही असे लोक झाले. त्यांना नावं ठेवायचा माझा हक्क नाही. त्यांनी त्या उचलल्या नसत्या तर त्या कुर्ल्याच्या भंगारात गेल्या असत्या.

मात्र आता त्यांचीही दुसरी पिढी आलीय. आमच्या ओट्यावर बसलेला तो माणूस जे म्हणाला ते मी विसरणार नाही. "साहेब, पूर्वी मी गाडी शोधत फिरायचो आणि दहा माणसं माझ्या मागे असायची. आता दहा गाड्या माझ्याकडे आहेत आणि मी माणूस शोधत फिरतो. जुने शेठ गेले. त्यांच्या पोरांना गॅरेजची जागा पाहिजे."

पुण्यातल्या जागेचा भाव बघता त्या पोरांना दोष कसा द्यायचा?

बरं, नीट करून विकली तर? नानांनी हाही प्रश्न विचारला. त्याचं गणित त्याने कागदावर करून दाखवलं. त्या काळच्या गाड्यांचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो. आमच्या गाडीचा सांगाडा वाळवीने खाल्लाय. सुतार तर मिळेल, पण त्याला मोजमाप कोण देणार? इंजिनातल्या बेअरिंगा बदलून टाकता येत नाहीत. बॅबिट नावाचा मऊ धातू वितळवून जागेवर ओतायचा आणि मग घासून मापात आणायचा. ओतणारे हात बोटांवर मोजण्याइतके. काचा, रबर, सहा व्होल्टचं वायरिंग, क्रोम. सगळं मिळून जो आकडा आला तो गाडी चकाचक झाल्यावर जितक्याला जाईल त्याच्या दीडपट होता. म्हणजे दहा रुपयांची वस्तू पंधरा रुपये घालून दुरुस्त करायची. आमच्या धंद्यात जुनी सिस्टीम पुन्हा पहिल्यापासून लिहायची टूम दर दोन वर्षांनी निघते, आणि तिचाही हिशोब असाच लागतो. फक्त तिथे पैसे दुसऱ्याचे असतात.

इथपर्यंत कोणीही समंजस माणूस म्हणेल, साडेतीन लाख घ्या आणि गप्प बसा. मीही जवळजवळ तेच म्हणणार होतो. नानांवर पाईपलाईनचं कर्ज आहे. गेल्या दोन हंगामांत टोमॅटोने काय केलं ते आमच्या भागात कोणालाही विचारा.

पण मग धाकटा बैलांना पाणी पाजायला उठला, आणि माझं डोकं दुसरीकडे गेलं.

धाकट्याकडे बैल आहे. औताचा नव्हे, शर्यतीचा खिल्लार. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात त्याने तो आदत असताना घेतला. आदत म्हणजे पक्के दात न आलेला, आपल्या भाषेत ज्युनियर. त्याने किती दिले ते घरात सांगितलं नव्हतं. नंतर कळलं तेव्हा नानी दोन दिवस जेवल्या नाहीत. आणि आता त्याच बैलाला आमच्या शेवरोलेच्या दुप्पट किमतीची मागणी आलीय, आणि धाकटा द्यायला तयार नाही.

आता बघा. औताला बैल किती जणांकडे उरलेत? ट्रॅक्टर आला, रोटाव्हेटर आला. कामाची वस्तू म्हणून बैल गेला. अगदी मोटारीने घोडागाडी घालवली तसा. २०११ साली केंद्राने बैलाला खेळात वापरायच्या बंदीच्या यादीत घातलं, ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०१७ ला महाराष्ट्राने कायदा केला तोही कोर्टात अडकला. त्या वर्षांत आमच्याकडे खिल्लाराला गिऱ्हाईक नव्हतं. घाट ओस पडले, गाडे शेडमध्ये गेले. शेजारच्या वस्तीवरच्या एका नामी गाडामालकाने जोडी कोणाला विकली हे तो आजही सांगत नाही. मग १६ डिसेंबर २०२१ ला कोर्टाने अटी घालून परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं. आणि भाव? २०२२ च्या उन्हाळ्यात पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीच्या शर्यतीला पहिलं बक्षीस जेसीबीचं होतं. यावरून काय ते समजा.

(शर्यतीत बैलाचे हाल होतात हा आक्षेप खोटा नव्हता. पराणी, चाबूक, शेपट्या पिरगाळणं हे मी लहानपणी या डोळ्यांनी बघितलंय. अटी आल्या ते बरं झालं, आणि त्या सगळीकडे पाळल्या जातात असं मी छातीठोक सांगणार नाही. पण तो वाद आज नको.)

मला त्यात वेगळंच दिसलं. बैल तोच, वंश तोच. धावायला बंदी होती तेव्हा त्याला किंमत नव्हती. धावायला मिळालं की दहा वर्षांनी जन्मलेल्या पोरालाही तो हवा झाला. धाकटा बंदीच्या आधी शाळेत होता. त्याला घाटाची फारशी आठवणसुद्धा नाही. पौष पौर्णिमेला थापलिंगच्या खंडोबाला गाडा पळतो, पुढे घोडी, मागे चार बैल, माइकवरचा निवेदक सेकंद ओरडून सांगतो, भंडारा उडतो, आणि बारी बसली की वीस वर्षांचं पोर ढसाढसा रडतं. हे आठवणीवर चालत नाही. हे दर वर्षी नव्याने होतं म्हणून चालतं. त्यात शिकायला काहीतरी आहे. खुराक काय, कुठला बैल कुठल्या बाजूला जुंपायचा, घोडीवर कोण, कुठला घाट अवघड. पोरं म्हाताऱ्यांच्या पाया पडून हे विचारतात.

आता कोणी म्हणेल, बैलाचं जाऊ द्या, मोटारींचं असं कुठे होतं? होतं. इंग्लंडमध्ये १९२७ पासून दर वर्षी (युद्धाची वगैरे काही वर्षं सोडून) लंडन ते ब्रायटन अशी जुन्या मोटारींची यात्रा निघते. अट एकच, गाडी १९०५ च्या आधीची पाहिजे. नोव्हेंबरच्या थंडीत, टप नसलेल्या गाड्यांत, पावसात भिजत लोक साठ मैल जातात. १९०४ ची गाडी नवी असताना बघितलेला माणूस आज पृथ्वीवर नाही. आमच्या पिढीच्या नियमाने त्या गाड्यांची किंमत शून्य व्हायला हवी होती. पण गाडी १९०४ ची की १९०५ ची यावर तिच्या किमतीत मोठा फरक पडतो, कारण एक यात्रेला जाऊ शकते आणि दुसरी नाही. तो त्यांचा घाटच आहे म्हणा ना.

म्हणून मला आपल्या जुन्या मोटारींच्या जगाशी भांडायचंय. आपण त्यांना धावू देत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम आणले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली गाडी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुन्हा नोंदणीला ५,०००. त्याआधी काहीच धड नव्हतं, त्यामुळे हे स्वागतार्ह. पण त्यातच लिहिलंय की गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. रोजच्या वापराला नाही. म्हणजे रविवारी सकाळी नानांना बसवून नारायणगावला मिसळ खायला गेलो तर ते नियमात बसत नाही. संशोधन म्हणून दाखवता येईल कदाचित :-)

आणि नियम बाजूला ठेवा, शौकीन मंडळीही धावू देत नाहीत. रॅली म्हणजे काय, तर ट्रेलरवरून गाडी आणायची, पाचदहा किलोमीटर फिरवायची, फेटे बांधून फोटो, बक्षीस कोणाला तर सर्वांत जास्त चमकणाऱ्या गाडीला. मी दोन-तीन वेळा मुंबईत आणि पुण्यात बघायला गेलोय. दोरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. हात लावू नका. एका पोराने बोनेट उघडून दाखवता का विचारलं तर त्याला ड्रायव्हरने हाकललं. तो पोरगा सोळाचा असेल. संग्राहकांची पुढची पिढी कुठे गेली असं जे विचारतात, त्यांना सांगतो, ती त्या दिवशी दोरीपाशी उभी होती.

गंमत म्हणजे चमकोगिरीचं सर्वांत मोठं देऊळ जे पेबल बीच, तिथेसुद्धा वारं फिरलंय. २०२४ साली तिथलं सर्वोच्च बक्षीस १९३४ च्या बुगाटी टाईप ५९ ला मिळालं, आणि ती नव्याने रंगवलेली नव्हती. जशी वापरली गेली तशीच, खरचटलेली, रंग उडालेली. तिथे असं पहिल्यांदाच घडलं. आमच्या शेवरोलेच्याच वयाची हो ती. (नानांना हे सांगितलं नाही. परत आकडा वाढायचा.)

तर माझं मत असं. साध्या गाड्यांच्या किमती पडतायत ना, पडू द्या. किंमत चढत होती तोवर त्या तिजोरीतल्या वस्तू होत्या. तिजोरीत कोणी नवं माणूस शिरत नाही. आपल्याकडचे खरे शौकीन भाव कोसळलेले असतानाच घडले हे विसरू नका. आरएक्स हंड्रेडवाली पोरंसुद्धा ती तीस-चाळीस हजाराला मिळत होती तेव्हा शिकली. पंधरा लाखांची गाडी कोणी बिघडवून शिकत नाही.

याला एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. भाव फार पडला की गाडी शौकिनाकडे न जाता भंगारात जाते. सुटे भाग बनवणारा दुकान बंद करतो, बॅबिट ओतणारा म्हातारा पोराला दुसऱ्या धंद्याला लावतो. स्वस्ताई आणि मरण यांच्यात फार अंतर नसतं. बैलांच्या बाबतीत आम्ही ते बघितलंय. २०१४ ते २०२१ या सात वर्षांत स्वस्ताई होती, पण तिने एकही नवा गाडामालक तयार केला नाही, कारण घाटच बंद होता. म्हणून नुसती स्वस्ताई पुरत नाही. धावायला जागा पाहिजे. उद्या कोणी जुन्नर ते भीमाशंकर अशी जुन्या मोटारींची वर्षातून एकदा यात्रा काढली, अट एकच की गाडी स्वतःच्या चाकांवर यायला हवी आणि जायला हवी, चमकली नाही तरी चालेल, तर मी पहिला नाव देईन. बंद पडली तर ढकलायला गावोगाव माणसं आहेत, तो प्रश्न नाही.

हे सगळं मी शनिवारी रात्री जेवताना, बरंच कमी शहाणपणाने, घरात बोललो. नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या आज्यानं ही गाडी घ्यायला वढ्याकाठचं अर्धं रान इकलं. आज तिथं दुसऱ्याची केळी हायेत. मला मोटारीचं कौतुक नगं सांगू. म्या तिला ढकललीय."

यावर काय बोलणार? १९४९ साली आबांनी ती पुण्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती, एवढंच मला माहीत होतं. ओढ्याकाठच्या रानाचं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. ज्याला तिची खरी आठवण आहे तोच विकायला निघालाय, आणि ज्याने ती चालताना एकदाही बघितली नाही तो मी, नको म्हणतोय. मी म्हणालो, या वर्षीच्या हप्त्याचं मी बघतो. नाना म्हणाले, "आन फुडच्या वर्षी?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या माणसाला फोन करून दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. तो म्हणाला थांबतो, पण भाव हाच राहील असं नाही.

रविवारी सकाळी धाकट्याने मंचरहून त्याच्या एका दोस्ताला बोलावलं. ट्रॅक्टरचा मिस्त्री, वय चोवीस, स्वतःची आरएक्स. त्याने आधी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, मग सहाही प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडलं, टोपी उलटी केली आणि म्हणाला, "हिच्यात काय न्हाय. सोपी हाय. सगळं दिसतंय तर." मला ते फार आवडलं. सगळं दिसतंय. माझ्या स्वतःच्या गाडीचं बोनेट उघडलं तर प्लास्टिकचं एक झाकण तेवढं दिसतं.

दुपारपर्यंत तेल मुरू दिलं. जेवणं झाल्यावर धाकट्याने शेडच्या आढ्यातून कोळिष्टकांसकट हँडल शोधून काढलं, पुढच्या भोकात बसवलं आणि मुठीत घट्ट धरून जोर लावायला वाकला. नाना गोठ्याच्या दाराशी बाजेवर पडले होते. डोळे मिटलेले. मी समजत होतो झोपलेत.

"आरं ए! आंगठा काढ आधी," ते तिथूनच ओरडले. "आंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, वर. उलटं मारलं तर मनगाट जाईल तुझं." मग उठले, चपला न घालताच आले, धाकट्याला बाजूला सारलं आणि हँडलला हात घातला. कसं धरायचं, कुठून कुठे ओढायचं, खाली कधीच दाबायचं नाही, वरच ओढायचं, हे दाखवून दिलं. मिस्त्री पोरगा उकिडवा बसून बघत होता. त्याने दोनदा विचारलं, नानांनी दोनदा सांगितलं.

तिसऱ्या ओढीला आतून कुठूनतरी एक जुना, ओला आवाज आला आणि हँडल पावभर फिरलं. मग पुन्हा अडकलं. नाना म्हणाले, "आज बास. अजून तेल घाला."

पुढच्या शनिवारी परत जातोय. चाकणला किती वेळ लागेल देव जाणे.